पेढे वाटून झाल्यावर

देवगाव रंगारीसारख्या गावात निकालाचा दिवस मोठा गोड असतो. हल्ली दहावी-बारावीचे निकाल मे महिन्यातच लागतात. शेतातली नांगरट आटोपलेली असते, कपाशीच्या बियाण्याची चौकशी सुरू झालेली असते आणि माणसे मृगाची वाट पाहत पारावर, हॉटेलात बसून असतात. अशा रिकाम्या दुपारी मोबाइलवर टक्के येतात. पेढे आणले जातात, गुरुजींच्या पाया पडणे होते, संध्याकाळपर्यंत चौकात अभिनंदनाचा फलक लागतो आणि त्यावर गुणवंतांपेक्षा शुभेच्छुकांचीच छायाचित्रे मोठी असतात. असो. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता बाप विचारतो, "मग आता पुढं काय?"

वर्षभर न विचारलेल्या या प्रश्नाचे उत्तर आता आठ-दहा दिवसांत द्यायचे असते. ते द्यायला तिघे जण पुढे येतात. पहिला वाळूजच्या कंपनीत असलेला चुलता किंवा मामा. त्याने शहर पाहिले आहे, म्हणजे त्याला कॉलेजही माहीत असणार असे सगळे धरून चालतात. दुसरा शहरातल्या एखाद्या क्लासचा माणूस. त्याच्या वहीत निकालाच्या आधीपासूनच मुलांचे फोन नंबर असतात. आणि तिसरा, सर्वांत महत्त्वाचा, ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्रावरचा पोरगा. त्या बिचाऱ्याचा दोष नाही. बाहेर वीस जण ताटकळलेले असतात, वीज जाते-येते, संकेतस्थळ मध्येच अडकून बसते. तो विचारतो, "कॉलेजं कोणती टाकू?" बाप म्हणतो, "टाका तुमच्या हिशेबानं, तुम्ही शिकलेले." ज्याचे आयुष्य त्या यादीवर उभे राहायचे तो मुलगा खाली मान घालून शेजारी उभा असतो. पाच मिनिटांत यादी भरून होते.

त्यातून मोबाइल नंबरची गंमत वेगळीच. बापाचा फोन साधा, त्याचेही रिचार्ज संपलेले. मग अर्जावर केंद्रवाल्याचाच नंबर पडतो. जागा मिळाल्याचा निरोप त्याच्या फोनवर शंभर निरोपांच्या गर्दीत येऊन पडतो आणि घरी कळते तेव्हा मुदत उलटून गेलेली असते.

२०२५-२६ या वर्षापासून अकरावीचेही प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाले. त्या वर्षी एका अर्जात दहापर्यंत कनिष्ठ महाविद्यालये पसंतीच्या क्रमाने लिहायची सोय होती. पण पहिल्या क्रमांकावर लिहिलेले महाविद्यालय मिळाले, तर तेथेच प्रवेश घ्यावा लागे. न घेतल्यास पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर. म्हणजे पहिली ओळ ही हौसेची ओळ नव्हे. शहरातले नामांकित कॉलेज पहिले लिहिले, ते मिळालेही, आणि मग लक्षात आले की वसतिगृह नाही, खोलीचे भाडे परवडत नाही, रोज एसटीने जाणे-येणे शक्य नाही. त्यापेक्षा कन्नडचे किंवा गावातले कॉलेज पहिले लिहिले असते तर? हा विचार यादी भरण्यापूर्वी घरात व्हायला हवा. तो होत नाही, कारण घरात अशी यादी यापूर्वी कोणी भरलेलीच नसते.

बँकेत अधिकारी म्हणून अनेक शाखांत काम करताना मी एक गोष्ट वर्षानुवर्षे पाहिली. दुपारी डबे उघडले की निम्म्या गप्पा मुलांच्या. कोणाच्या मुलीने अकरावीला गणित सोडले आणि आता पस्तावते आहे, कोणता दाखला कोणत्या खिडकीवर मिळतो, कोणत्या प्रवेश परीक्षेचा अर्ज कधी निघतो. आमच्या मुलांना कोणी मार्गदर्शन केले असे आम्हाला कधी वाटलेच नाही. पण पोळीभाजीबरोबर ते दहा वर्षे मिळत होते. शाखेत खाते काढायला येणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाची बुद्धी आमच्या मुलांपेक्षा कमी नव्हती. त्याच्या बापाच्या डब्याशेजारी बसणारे लोक वेगळे होते, इतकेच.

घरात नसलेला असा वाटाड्या बाहेर भेटावा लागतो. त्याचे मराठी मुलखातले सर्वांत मोठे उदाहरण आपल्याला पाठ आहे, पण आपण ते नुसते भक्तिभावाने सांगतो. मुंबईला चर्नी रोडच्या बागेत शाळा सुटल्यावर पुस्तक वाचत बसणाऱ्या एका मुलाची कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी विचारपूस केली. केळुसकर विल्सन हायस्कूलमधले शिक्षक आणि चरित्रकार. तो मुलगा, भीमराव आंबेडकर, १९०७ साली मॅट्रिक झाला तेव्हा सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सभा झाली आणि केळुसकरांनी आपले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. येथपर्यंतची गोष्ट शाळेतली मुलेही सांगतात. मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. एल्फिन्स्टन कॉलेजात इंटर झाल्यावर रामजी सुभेदारांना पुढचा खर्च झेपेना. तेव्हा केळुसकर उठले आणि त्यांनी सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला; महाराजांची आणि मुलाची भेट घडवली. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, बी.ए. पुरे झाले, आणि १९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर भीमराव कोलंबिया विद्यापीठात पोहोचले.

केळुसकरांनी येथे पैसा दिला नाही, शिकवणीही घेतली नाही. पैसा कोणाकडे आहे, त्याच्याकडे केव्हा जावे आणि मुलाला बरोबर न्यावे, हे त्यांना ठाऊक होते. मुलाचा बाप सुभेदार होता, शिक्षणाचा कमालीचा आग्रही होता. तरीही ही एक गोष्ट त्याच्या हातची नव्हती.

ज्यांना ही मदत मिळाली त्या बाबासाहेबांनी ती आपल्या मराठवाड्यापर्यंत आणली, हेही येथे सांगायला हवे. निजामाच्या काळात औरंगाबादला १९२३ साली सरकारी कॉलेज निघाले, पण तेही सुरुवातीला इंटरमीजिएटपर्यंतच. पदवी हवी तर हैदराबाद गाठायचे. तेथल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाची भाषा उर्दू. १९५० मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. २३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ आले. त्यानंतर अभियांत्रिकी, वैद्यकीय, कृषी, सारे झाले. हैदराबादचे अंतर संपले. त्याच्या जागी आता कागदाचे अंतर आले आहे.

या कागदांपैकी उत्पन्नाचा दाखला, अधिवास, राष्ट्रीयत्व, नॉन-क्रीमिलेअर हे सारे तहसीलच्या चकरा मारून, थोडा मनस्ताप सोसून निघतात. नॉन-क्रीमिलेअरची मुदत त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत असावी लागते, एवढे पाहिले म्हणजे झाले. खरा डोंगर जात वैधतेचा. जातीचे प्रमाणपत्र एक, आणि ते खरे असल्याचे पडताळणी समितीचे प्रमाणपत्र दुसरे, हेच पुष्कळ घरांत बारावीनंतर कळते. पडताळणीसाठी पुरावा लागतो तो जुना: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त आणि भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. म्हणजे आजोबांचा किंवा पणजोबांचा कागद. आजोबा शाळेत गेले असतील तर शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा. नसतील तर महसुलाच्या जुन्या नोंदी. आणि आपला भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाकडे. जुन्या नोंदी उर्दूत किंवा मोडीत. त्या वाचणारा माणूस शोधायचा, भाषांतर करून घ्यायचे. तो वाचून दाखवतो तर नाव निघते 'किसना'. सातबाऱ्यावर 'किसन', मतदार यादीत 'कृष्णा', आणि नातवाच्या दाखल्यावर 'किसनराव'. हे चौघे एकच गृहस्थ, हे सिद्ध करायचे. वडिलांकडच्या नात्यात कोणाला आधीच वैधता मिळाली असेल तर काम बरेच सोपे होते. पण त्यासाठी चुलतभावाशी बोलणे चालू असावे लागते, आणि बांधाच्या भांडणात ते बंद असते. हे हसण्यावारी नेऊ नका. बांधाच्या भांडणापायी अडलेले अर्ज मी पाहिले आहेत.

अशीच एक मुलगी मला माहीत आहे. प्रवेश परीक्षेत गुण उत्तम, सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात राखीव जागा मिळालेली. वैधतेचा अर्ज मात्र बारावीचा निकाल लागल्यावर केलेला. पावती होती, प्रमाणपत्र नव्हते. मुदत संपली, जागा गेली, आणि खुल्या जागांच्या यादीत तोवर तिच्या गुणांना काही उरले नव्हते. काही वर्षी सरकारने हमीपत्र घेऊन मुदतवाढ दिली आहे. पण ती मिळेलच असे धरून लेकराला उभे करायचे हा जुगार झाला. अकरावी विज्ञानला असतानाच कॉलेजमार्फत वैधतेचा अर्ज करता येतो. तेथून बारावीच्या निकालापर्यंत जवळजवळ दोन वर्षे हातात असतात.

या कागदांमागे किती दुःख साठले आहे ते देवगाव रंगारीला सांगायला नको. जुलै २०१८ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनात कायगाव टोक्याला एका तरुणाने गोदावरीत उडी घेतली आणि लगोलग देवगाव रंगारीत एका शेतकऱ्याने विष घेतले. दोघेही गेले. त्या मागणीच्या राजकारणाची चर्चा हा माझा विषय नाही. पण मुलाला गुण असून जागा मिळाली नाही, हे वाक्य त्या काळात घराघरांत ऐकू येत होते. त्यानंतर २०१८ चा कायदा आला, ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, फेब्रुवारी २०२४ मध्ये १० टक्क्यांचा नवा कायदा झाला, आणि २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटियरच्या आधाराने कुणबी नोंदींचा शासन निर्णय निघाला. सात-आठ वर्षांत अर्जातला रकाना एवढ्या वेळा बदलला. आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक-शैक्षणिक मागास की इतर मागास, याचा निर्णय घराने आधी, पुरावे पाहून, शांतपणे करायचा असतो. केंद्राच्या खिडकीशी उभे राहून तो होत नाही.

आता विषयांच्या निवडीबद्दल थोडे. ऐंशी टक्के मिळाले की विज्ञान, आणि विज्ञान म्हणजे डॉक्टर, असा गावाचा सरळ हिशेब आहे. 'नीट'साठी मुलाला शहरात किंवा लातूरला ठेवायचे आणि गणित सोडून टाकायचे, "तेवढाच अभ्यास कमी". हे एक गणित सोडले की अभियांत्रिकीची बहुतेक दारे अकरावीच्या पहिल्याच दिवशी बंद होतात, हे त्या वेळी कोणी सांगत नाही. ज्या मुलाला गणिताचे वावडे नाही त्याने बारावीपर्यंत गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. राज्याच्या सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमाला साधारण २० टक्के आणि बारावीच्या अभ्यासक्रमाला ८० टक्के भार असतो, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. म्हणजे अकरावीचे वर्ष 'आरामाचे' समजून घालवणाऱ्याचे तेथेच नुकसान होते. याच सीईटीवर कृषीचेही प्रवेश होतात. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून आपल्या उशाशी आहे, पण शेतकऱ्याचा मुलगा कृषी पदवीकडे तिसरा-चौथा पर्याय म्हणून पाहतो. त्याचे मला नेहमी नवल वाटते.

आणि दहावीनंतर पॉलिटेक्निक? तीन वर्षांची पदविका, तिच्या गुणांवर थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश. ज्या घराला मुलगा एकविसाव्या वर्षी मिळवता हवा आहे त्या घरासाठी याहून शहाणी वाट नाही. मध्येच अडचण आली तरी हातात पदविका राहते. पण तिला फलकावर जागा मिळत नाही, म्हणून ती मागे पडते.

पैशाचा प्रश्न मी मुद्दाम उशिरा घेतला. घरात तो सर्वांत आधी येतो आणि बँकेत सर्वांत शेवटी. माझ्यासमोर हात जोडून बसलेले कितीतरी बाप असे असत की पहिल्या हप्त्यासाठी त्यांनी सावकाराकडून पैसे उचलून झालेले असत आणि दुसऱ्या हप्त्याला ते बँकेत आलेले असत. क्रम नेमका उलटा हवा. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला पतहमी निधीची व्यवस्था आहे. त्यासाठी जमीन गहाण ठेवावी लागत नाही, आई किंवा वडील सहकर्जदार लागतात. चार लाखांपर्यंत स्वतःचा हिस्साही घालावा लागत नाही. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर वर्षभर हप्ता नसतो; त्या काळात व्याज सरळव्याजाने चढते. एक लाखावर दहा टक्के दर धरला तर महिन्याला आठशे तेहतीस रुपये. ते जमेल तेव्हा भरत गेले तर मुलाच्या डोक्यावर पुढे डोंगर राहत नाही, आणि अशा व्याज भरणाऱ्यांना दरात एक टक्का सवलत देण्याचीही पद्धत आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत देशातल्या निवडक दर्जेदार संस्थांतल्या विद्यार्थ्यांना तारणाशिवाय, जामीनदाराशिवाय कर्ज मिळते. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना त्यात व्याजातही मदत आहे.

अडते कोठे? एक तर वेळेत. जागा मिळाल्यापासून शुल्क भरेपर्यंत हाताशी चार-दोन दिवस असतात, आणि कर्जाचा कागद त्या वेगाने हलत नाही. म्हणून सीईटी झाली की निकालाची वाट न पाहता शाखेत जाऊन यावे, मुलाचे खाते काढून आधारशी जोडून घ्यावे. शिष्यवृत्तीही आधार जोडलेल्या खात्यातच येते. दुसरे, बापाचे पीककर्ज. माफी होईल या आशेने ते थकवले असेल, तर सहकर्जदार म्हणून त्याच्या नावाची चौकशी होते तेव्हा ती थकबाकी समोर येते. वीस-पंचवीस हजारांच्या थकबाकीपायी पाच लाखांचे शैक्षणिक कर्ज लोंबकळलेले मी पाहिले आहे. ही गोष्ट मुलगा नववीत असतानाच बापाला कळायला हवी.

मुलींच्या बाबतीत तर हिशेब अगदीच बदलला आहे, पण गावातल्या बोलण्यात तो अजून उतरलेला नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. अट एवढीच की प्रवेश सरकारच्या केंद्रीय फेऱ्यांतून घेतलेला हवा. येथेच फसगत होते. "फेऱ्यांची भानगड नको, आमच्याकडे थेट या," असे सांगणारे भेटतात. बाप भोळेपणाने व्यवस्थापन कोट्यात प्रवेश घेतो आणि जी फी शून्य होती ती लाखांत भरतो. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत, आणि मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे भाडे. वसतिगृह, खाणावळ, पुस्तके हा खर्च राहतोच. पण "पोरीला एवढं शिकवायला पैसा कुठंय?" या वाक्यातला निम्मा जोर गेला आहे. उरलेला निम्मा जोर पैशाचा कधी नव्हताच, तो स्थळाचा होता. त्यावर उपाय म्हणून मला एकच गोष्ट लागू पडताना दिसली आहे: गावातलीच, आधी शिकायला गेलेली एखादी मुलगी दिवाळीत घरी येते, तेव्हा तिला आणि तिच्या आईला शेजारच्या घरी चहाला बोलावणे. तिची आई जे सांगते ते बाहेरचा कोणी साहेब सांगू शकत नाही.

अशा आया, अशा मुली, निवृत्त गुरुजी, पोस्टातले, बँकेतले लोक देवगाव रंगारीएवढ्या गावात आज निश्चित आहेत. त्यांनी महिन्यातल्या एका शनिवारी शाळेत तासभर बसावे. नववी-दहावीच्या प्रत्येक मुलाच्या नावाने वहीचे एक पान असावे: कोणता दाखला आहे, कोणता नाही, कोणत्या नात्यात वैधता आहे, फोन कोणाचा आहे. अर्ज भरायला केंद्रावर जावेच लागते, तर यादी वहीतून लिहून न्यावी.

पहिले काम तर दिवाळीच्या आगेमागेच असते. दहावीचे आवेदनपत्र भरून झाले की मंडळाकडून शाळेकडे प्री-लिस्ट येते. मुलाचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख त्यात छापलेली असते आणि मुलाची सही घेतली जाते. मुले न वाचता सही करतात. एकदा गुणपत्रिका छापून आली की नावातली एक वेलांटी बदलायलाही पुढे अनेक चकरा पडतात. त्या यादीच्या दिवशी आईबापांपैकी कोणीतरी अर्धा तास काढून शाळेत जावे. जाताना मुलाचा जन्माचा दाखला आणि आधार कार्ड न्यावे, आणि पत्र्याच्या पेटीत आजोबांचा एखादा कागद सापडला असेल तर तोही.